लांब दांड्याचं मशीन

"ह्याला पट्टा हाय बघ, खांद्यात घालायचा," आबा म्हणाले आणि मोबाइल त्यांनी थेट माझ्या नाकासमोर धरला. "म्हंजे सगळं वजन हातावर येत नाय. बघतेस काय गो, वैजू?"

मी पेजेची वाटी घेऊन उभी. मोबाइलमध्ये कुठल्या तरी देशातला गोरा गडी जमिनीवर उभा राहून वर शेंड्याकडची फांदी कापत होता. लांबलचक दांडा, दांड्याच्या टोकाला एवढीशी साखळीची करवत, आणि ती घर्रर्र करत फिरत होती. बघता बघता फांदी खाली.

"बघितलं. आधी पेज घ्या, गार होतेय."

"पेज कुठं पळून चाललीय? थांब, आता दुसरी दाखवतो. ही बॅटरीवरची."

आबा म्हणजे माझे सासरे, भिकाजी मटकर. अख्खा जन्म आंब्याच्या झाडांवर चढण्यात गेलेला माणूस. स्वतःची कलमं होतीच, शिवाय लोकांच्या बागा राखणीला घ्यायचे. आता ओटीवरच्या खाटेवर पडून होते. अंग पिवळं, पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला आत बोलावून सांगितलं होतं, "आता घरी न्या. खायला मागतील ते द्या." यकृतातला रोग सगळीकडं पसरला होता. बाहेर बाकड्यावर बसलेल्या आबांना आमच्या ह्यांनी सांगितलं, "जुनी कावीळ आहे. पथ्य पाळायचं. बरं व्हायला वेळ लागेल."

झालं. आबांनी पथ्य धरलं. तेल सोडलं, मिरची सोडली, मासे सोडले. कोकणातल्या माणसानं मासे सोडले, बरं का! डॉक्टर म्हणालेत मागतील ते द्या, आणि हा माणूस काही मागायलाच तयार नाही. मी मुद्दाम बांगडा तळायची, तर तोंड भिंतीकडं करून म्हणायचे, "बरा झालो की एकदम खाईन." मला भडभडून यायचं, आणि घरात रडायची सोय नव्हती.

मी मूळची कराडची. हे कराडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, तिथंच लग्न झालं, तिथंच संसार. गावी यायचो ते शिमग्याला नाहीतर गणपतीला, चार दिवस पाहुण्यासारखं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आबांचं हे दुखणं निघालं तेव्हा ह्यांनी राजापूर डेपोत बदली मागून घेतली आणि आम्ही गावी येऊन राहिलो. वाडीतल्या सगळ्यांना ह्यांनी खरं काय ते सांगून ठेवलं होतं आणि हात जोडून विनवलंही होतं, की आबांसमोर कुणी ब्र काढू नका. वाडीनंही शब्द पाळला. लोक शहाळी घेऊन यायचे, खाटेजवळ बसायचे, आणि म्हणायचे, "आज चेहरा जरा उजळलाय हां." अंगणात गेल्यावर बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी तेवढ्यात भांडी आपटून आवाज करायची.

तर मशीनचं खूळ वानरांमुळं निघालं. घराच्या मागं एक रायवळ आंबा होता. रायवळ म्हणजे कोयीपासून आपसूक वाढलेला, कलम नव्हे. आबांच्या वडलांच्या वेळेपासूनचा, घरापेक्षा उंच. त्याची एक फांदी बरोबर ओटीच्या कौलांवर आली होती. वानरं तिच्यावरून कौलांवर उड्या मारायची, कौलं फुटायची, आणि माती, पाला सगळं खाली आबांच्या अंथरुणात. शिवाय झाडाला बांडगूळही फार झालं होतं.

"दुसऱ्या कुणाला तरी चढवू आणि तोडून घेऊ," हे म्हणाले.

"कोण चढतोय आता? चढणारे सगळे मुंबईला," आबा म्हणाले. "आणि एका फांदीचं काय घेऊन बसलास? कलमांची छाटणी राहिलीय. मला आता डॉक्टर काय झाडावर चढू देणार नाय. बरा झालो तरी नाय देणार. मंग जमिनीवरनं कापता येईल असं काय तरी नको?"

ह्याच्यावर काय बोलणार? ह्यांनी मोबाइलवर असली मशीनं शोधून दाखवली. त्या दिवसापासून मोबाइल आबांच्या उशाशी गेला.

मी मात्र खरं सांगू, मला बरं वाटायला लागलं होतं. महिनाभर छताकडं बघत पडलेला माणूस उठून भिंतीला टेकून बसायला लागला. चष्मा मागून घ्यायचा. हाताची करवत, बॅटरीची, पेट्रोलची, कुणाचा दांडा किती सरकतो, कुणाची साखळी निसटते, सगळं मला समजावून सांगायचे. मी भाजी निवडत "हो का? अगं बाई!" करत राहायची. करवतीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

"धरून बघितल्याशिवाय अवजार घ्यायचं नसतं," एक दिवस त्यांनी फर्मान काढलं. "मला राजापुरात घेऊन चला."

हे म्हणाले, "आबा, एवढ्या खड्ड्यांतनं तुम्हाला झेपणार आहे का? मी आणतो."

"तू आणशील ती स्वस्तातली. तुला मी काय आज ओळखतो?"

गेलो मग. रिक्षात मागं गोधडी अंथरली, आबांना मधे बसवलं, मी एका बाजूनं धरलं, ह्यांनी दुसऱ्या. नवा सदरा घातला होता त्यांनी. गळ्याशी इतका ढिला झालेला की मी पिन लावून दिली.

शेतीअवजारांचं दुकान खलिफेशेठचं. शेठ आबांच्या चांगल्या ओळखीचे, पण आबांना बघून त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. सावरलं लगेच. स्वतः उठून खुर्ची दिली.

"या भिकाजीदादा! कित्येक दिवसांनी?"

"कावीळ झालीय रे. पथ्यावर हाय," आबा म्हणाले. "ते लांब दांड्याचं दाखव."

शेठनी तीन प्रकार समोर आणून ठेवले. पहिली साधी, ॲल्युमिनियमचा दांडा आणि वर कोयत्यासारखी वाकडी करवत. आबांनी खुर्चीत बसूनच ती उभी धरली. एक क्षणभर दांडा सरळ उभा राहिला. मग टोक डुलायला लागलं आणि पंख्याकडं निघालं. ह्यांनी पटकन वरनं धरला.

"ह्याचा तोल बरोबर नाय," आबा शेठना म्हणाले. "वर जड हाय."

"बरोबर बोललात. सगळे हेच म्हणतात," शेठ म्हणाले. त्या करवतीत फुलाएवढंही वजन नव्हतं. मी उचलून बघितली होती.

दुसरी बॅटरीची. आबांनी तिचं बटण दाबलं, साखळी फिरली, खूश झाले. मग विचारलं, "बॅटरी किती वर्षं जाते?"

"तीनेक वर्षं जाते, दादा. मग नवी घालायची."

"तीन वर्षांनी पुन्हा खर्च." आबांनी हिशेब करावा तसे डोळे मिटले. "माझ्या हाताखाली अजून चार-पाच बॅटऱ्या जातील. नको. पेट्रोलचं दाखव."

मी उठले आणि दुकानाच्या मागच्या बाजूला पाण्याचे पाइप लावले होते तिथं जाऊन उभी राहिले. पाइपांच्या गुंडाळ्यांवर हात फिरवत राहिले, जसे काही मला पाइपच घ्यायचे होते. मागनं हे आले.

"साधी करवत घेऊ," हे हळूच म्हणाले. "पेट्रोलचं मशीन घेऊन काय करायचं आहे? कोण चालवणार आहे नंतर?"

"मग सांगा जाऊन त्यांना तसं."

"तू हळू बोल."

"हळूच बोलतेय. काय म्हणून नको म्हणणार? महाग आहे म्हणाल, तर ते म्हणतील एका सीझनमध्ये वसूल करतो. दुसरं कारण आहे का तुमच्याकडं सांगण्यासारखं?"

आम्ही दोघं त्या पाइपांमध्ये उभे राहिलो. पुढून आबांचा आवाज आला.

"वॉरंटी किती रे ह्याला?"

"दोन वर्षं, दादा."

"वाढवून मिळते काय?"

मी पाइपांच्या फटीतनं बघितलं. शेठ मशीनवरची धूळ पुसत होते, फडक्यानं, पुन्हा पुन्हा. मग म्हणाले, "तुमच्यासाठी वाढवतो. कागदावर नको, माझा शब्द. काय बिघडलं तर माझ्याकडं आणायचं, कधीही आणायचं."

"बघ!" आबा आमच्याकडं वळून म्हणाले. "मोबाइलवर असं कोण सांगेल? हेच घ्यायचं."

तेच घेतलं. येताना आबांनी ते रिक्षात पायांशी ठेवून घेतलं आणि सगळ्या वाटेभर दांड्यावर हात ठेवून बसले. खड्डा आला की आधी मशीनकडं बघायचे. घरी पोचेपर्यंत चेहरा काळवंडला होता, पण तक्रार नाही. रात्री पेजेबरोबर पापड मागितला. कोल्हापूरहून आल्यापासून पहिल्यांदा खायला काही मागितलं. मी दोन भाजून दिले आणि स्वयंपाकघरात येऊन देवाला हात जोडले, कशासाठी ते मलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांची सुट्टी होती. सकाळी आबांनी हाक मारली.

"अनंता, मशीनमध्ये पेट्रोल घाल. मागचा रायवळ घेऊ आधी. ती फांदी काढ."

हे चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "रायवळाला नको, आबा. लांबच्या कलमांवर चालवून बघू. बागेतल्या."

"का? फांदी कौलांवर आलीय ती रायवळाची. कलमांची नाय."

"घराजवळ मशीन नको."

"अरे पण का?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मला काय कळणार? मी म्हटलं, "अहो, घ्या की तोडून. रोज त्यांच्या अंगावर माती पडतेय." मला वाटलं, मशीनचा आवाज आबांना सोसायचा नाही म्हणून हे नको म्हणतायत. हे उठून पेट्रोलची बाटली आणायला गेले. आबांना समोर बसवून खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं, हे मला त्यानंतर दोनेक तासांत समजलं.

आबांची खुर्ची आम्ही मागच्या अंगणात, झाडापासून लांब ठेवली. कानटोपी, शाल, पायांवर गोधडी. थंडी चांगली पडली होती. ह्यांनी पट्टा खांद्यात घातला, दोरी ओढली. मशीन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. बाप रे, काय आवाज! समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा. कोंबड्या उडाल्या, माझ्या हातातला तांब्या पडता पडता राहिला. आबांचं तोंड मात्र आनंदानं फुललं होतं.

"खालनं आधी!" ते ओरडत होते. "खालनं थोडी काप घे, मंग वरनं! नायतर साल सोलत येईल! अरे खालनं, मेल्या!"

ह्यांना ऐकू जाईना. आबा हातवारे करून दाखवत होते. मी मधे उभी राहून निरोप पोचवत होते, "खालनं म्हणतायत! खालनं!" हसायला येत होतं मला. खरंच येत होतं. फांदी मांडीएवढी जाड, एकदम तुटायची नाही, हे शेंड्याकडनं थोडी थोडी उतरवत आले. कौलांना धक्का लागू दिला नाही. शेवटचा मोठा तुकडा धाडकन अंगणात पडला आणि जमीन हादरली. मी दचकून किंचाळले, आणि आबा खुर्चीत टाळ्या वाजवायला लागले.

"जमलं रे! आता त्याचे तुकडे कर. आणि ते वरचं बांडगूळ दिसतंय ना, ते काढ. आजच काढ."

पुन्हा मशीन. बराच वेळ चाललं. मी आत जाऊन भात टाकला, परत आले. आबा बसूनच होते. त्यांच्या शालीवर लाकडाचा भुसा उडाला होता आणि ते तो झटकतही नव्हते.

तेवढ्यात घराच्या कडेनं महादूतात्या आले. महादूतात्या म्हणजे वाडीतला कर्ता माणूस, कुठल्याही घरात बरंवाईट झालं की आधी तेच. खांद्यावर कोयता, कमरेला सुंभाची गुंडाळी. त्यांच्या मागं दोघं जण, एकानं पुढनं धरलेले, दुसऱ्यानं मागनं धरलेले, असे दोन हिरवे बांबू. त्यांच्या मागं आणखी माणसं. उघड्या डोक्यानं, खाली बघत चाललेली. एकाच्या काखेत दुकानातनं नुकतं फाडून आणलेलं पांढरं कापड. आणि सगळ्यांत मागून, बायकांनी दोन्हीकडनं धरलेली बायोआत्या, आबांची धाकटी बहीण. तिनं कोपऱ्यावरच सूर लावला होता.

"माझ्या दादा रेऽऽ! माझं माहेर गेलं रेऽऽ!"

महादूतात्यांनी मान वर केली. समोर खुर्चीत आबा.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. मागच्यांना दिसत नव्हतं, ते पुढच्यांवर आदळले. बायोआत्याचा सूर तसाच चालू होता, मग तिनंही बघितलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. ह्यांच्या हातात मशीन धडधडत होतं. बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

आमच्या वाडीत घराजवळचा रायवळ असाच ठेवलेला असतो. लोणच्याला, आंबापोळीच्या साठांना त्याचे आंबे होतात, पण ठेवलेला असतो तो घरातल्या माणसांसाठी. घरात कुणी गेलं की त्याच्याच फांद्या उतरवतात आणि त्याच लाकडांवर त्या माणसाला अग्नी देतात. पूर्वी कुऱ्हाडीनं उतरवायचे, आता मशीननं. मशीनचा आवाज डोंगराकडनं आला तर तो लाकडाच्या ठेकेदाराचा, कुणी लक्ष देत नाही. पण वाडीत, घराच्या मागं, रायवळावर मशीन चाललं की निरोप धाडावा लागत नाही. माणसं हातातलं काम टाकून निघतात. आणि आबांच्या घरात त्या आवाजाची तर सगळे महिनाभर वाट बघत होते. वर मी किंचाळलेली. आबांच्या मनात मात्र हे आलंच नव्हतं, त्यांच्या लेखी ही नुसती कावीळ होती.

ह्यांनी शेवटी मशीन बंद केलं.

"या, तात्या," आबा म्हणाले.

महादूतात्यांनी खांद्यावरचा कोयता हळूच पाठीमागं नेला. "मशीन आणलं म्हणून ऐकलं," ते म्हणाले. "म्हटलं बघून यावं. नवीन आहे, नाही का? चांगलं आहे."

"व्हय. पेट्रोलचं. दोन वर्षं वॉरंटी."

"हां, हां."

"आणि बांबू कशाला आणलेत?"

बांबू धरलेल्या दोघांना ते खाली ठेवावेत की धरून राहावं हे कळत नव्हतं. पांढरं कापड आणणाऱ्यानं ते सदऱ्याखाली घालायला घेतलं, ते अर्धं बाहेर लोंबायला लागलं. एवढ्यात कुणाचा तरी मोबाइल वाजला. त्यानं घाईघाईनं कानाला लावला, आणि पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "आम्ही पनवेल सोडलं रे! तोंड बघायला मिळू दे, थांबवून ठेवा!" त्यानं फोन बंद करून खिशात कोंबला.

"दादा, अरे आम्हाला वाटलं..." बायोआत्या पुढं आली. "मशीन ऐकलं आणि वाटलं..."

"काय वाटलं?"

"तू बरा आहेस ना? मग झालं तर. तुझं आयुष्य वाढलं बघ. असं खोटंच कुणी गेल्याचं ऐकलं की त्याचं आयुष्य वाढतं."

"बायो, इकडं ये."

ती खुर्चीजवळ जाऊन खाली बसली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते रागावलेले नव्हते. ते एकेका माणसाकडं बघत होते, अगदी सावकाश, महादूतात्यांकडं, बांबूवाल्यांकडं, बायकांकडं. बघून झालं आणि म्हणाले,

"कुणी विचारलं नाय."

"काय, दादा?"

"माणूस गेला म्हटल्यावर लोक विचारतात. अरे, कसा काय गेला? काल तर चांगला होता. कशानं गेला? तुम्ही कुणीच विचारलं नाय. कापडसुद्धा घेऊन आलात. तुम्हाला ठाऊकच होतं."

महादूतात्यांनी मान खाली घातली. ह्यांनी मशीन जमिनीवर ठेवलं आणि पट्टा खांद्यातनं काढायला गेले. तो बकलात अडकला. हे ओढत राहिले, ओढत राहिले, निघेचना.

"वैजू," आबांनी मला हाक मारली. मुलाला नाही, मला. "तू काय तोंडावर गोड बोलणारी नव्हेस. आल्या दिवसापासून मला फडाफडा बोलतेस. तू सांग. माझी कावीळ हाय काय?"

सगळी वाडी माझ्याकडं बघायला लागली. ह्यांचे डोळे मला दिसत होते. हो म्हण, असं म्हणत होते ते डोळे. आणि एवढंच करायचं होतं मला, दोन अक्षरं. तोंडानं मी काय थोडी आहे? एरवी कुणाला ऐकत नाही. पण आज ते जमेना. हो पण येईना आणि नाही पण येईना. मी तिथं नुसती उभी. भात करपल्याचा वास आतनं यायला लागला, तरी मला हलता येईना.

"बरं," आबा म्हणाले. "समजलं."

मग त्यांनी शालीवरचा भुसा झटकला. पहिल्यांदाच.

"चहा ठेव गो सगळ्यांना. लांबनं आलेत."

मी आत पळाले. करपलेला भात उतरवला, मोठं पातेलं चढवलं आणि चुलीपुढं बसून पदर तोंडात कोंबून रडले. बाहेर बायकांची कुजबुज चालली होती. मयताला म्हणून निघालेलो, आता घरी गेल्यावर आंघोळ करायची की नाही? एक म्हणे करावी, एक म्हणे माणूस जिवंत असताना आंघोळ केली तर तो अपशकुन. त्यांचं काही ठरेना. मी चहा नेऊन दिला. मयताच्या घरी कुणी चहा घेत नाही, आणि हे तर मयताचं घर नव्हतं. तरी प्रत्येकानं कप हातात घेतला आणि आधी महादूतात्यांकडं बघितलं. तात्यांनी एक घोट घेतला, तेव्हा बाकीच्यांनी घेतला.

आबांनीही घेतला. साखर घातलेला, दुधाचा. पथ्य विसरून. घोट घोट करून संपवला आणि कप माझ्या हातात दिला.

"मासे काय मिळतात ते बघ उद्या," म्हणाले.

"हो, आबा."

मग ते अंगणातल्या लाकडांकडं बघत बसले. ह्यांनी फांदीचे हातभर लांबीचे तुकडे केले होते, ते इकडंतिकडं पडले होते. कापलेल्या तोंडांना चीक आला होता.

"अनंता."

हे जवळ आले. पट्टा अजून खांद्यातच होता.

"ही लाकडं अंगणात ठेवू नको. दव पडतं. गोठ्यातली मागची बाजू मोकळी हाय, तिथं रच. खाली दगड घाल, वाऱ्याला जागा ठेव मधे." आबांचा आवाज अगदी कामाचा होता, मघाशी फांदी कशी कापायची ते सांगत होते तसाच. "ओलं लाकूड नुसतं धुमसतं. तुझ्या आईच्या वेळेला काय झालं, तुला आठवत नसेल. लोकांना संध्याकाळपर्यंत धुरात बसवून ठेवलं होतं आम्ही. तसं नको."

"आबा, असं काय बोलताय?" ह्यांचा आवाज फुटला.

"ऐक तर. एवढं जाड लाकूड वाळायला दोन महिने तरी जातात." आबांनी मान वर करून मुलाकडं बघितलं. "दोन महिने हायत काय रे माझ्याकडं?"

बायोआत्यानं आबांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. मी रिकाम्या कपांचा ट्रे खाली ठेवला. आबा थांबले. उत्तर येईल म्हणून थांबले असतील. ह्यांचं तोंड नुसतं हलत होतं.

"मंग बारीक कर," आबा म्हणाले. "बारीक लवकर वाळतं."

आणि खुर्चीत नीट सरळ होऊन बसले, काम बघायला. ह्यांनी डोळे पुसले, वाकून मशीन उचललं आणि दोरी ओढली.